जगातल्या सगळ्यात खऱ्या वाटणाऱ्या खेळण्यातल्या रेल्वेला त्याने चक्क डायनासोर जुंपला होता

रेल्वेचं मॉडेल बनवणाऱ्या माणसांची एक वेगळीच जमात असते भिडू.

तुम्ही आम्ही गाडीत बसतो, खिडकी पकडतो, वडापाव खातो आणि उतरून जातो. ही माणसं गाडी निघून गेल्यावर पण फलाटावर उभी असतात. इंजिनाचा नंबर काय होता, चाकं किती होती, डब्याचा रंग कुठल्या सालचा होता, हे सगळं वहीत उतरवतात. मग घरी येऊन तीच गाडी हातभर लांबीची बनवतात.

आता या जमातीत पण दोन गट आहेत. आणि त्यांची भांडणं गेली कित्येक दशकं चालू आहेत.

पहिल्या गटाचं म्हणणं असतं की मॉडेल म्हणजे मॉडेल. खऱ्या इंजिनावर जेवढे रिव्हेट आहेत तेवढेच मॉडेलवर पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. या मंडळींना दुसरा गट चिडवायला नावच ठेवतो, रिव्हेट मोजणारे.

दुसऱ्या गटाचं म्हणणं असतं की अरे बाबांनो, आपण दमूनभागून घरी आल्यावर मजा म्हणून हे करतो ना? मग गाडी पळू दे की. डब्याचा रंग दोन वर्षं इकडचा तिकडचा झाला तर कुणाचं काय बिघडलं?

या भांडणात दोन्ही गट ज्याचं नाव आदराने घेतात असा एक माणूस होऊन गेला. त्याने बनवलेली रेल्वे इतकी खरी वाटायची की फोटो बघून लोक चक्रावून जायचे. आणि त्याच रेल्वेच्या यार्डात डबे ओढायला त्याने एक स्टेगोसॉरस ठेवला होता. हो, तोच, पाठीवर हाडांच्या पाट्या असलेला डायनासोर.

माणसाचं नाव जॉन ॲलन.

तर सुरवात होते १९१३ सालापासून

२ जुलै १९१३ या दिवशी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, जॉप्लिन नावाच्या गावात जॉन व्हिटबी ॲलनचा जन्म झाला. लहानपण तसं सोपं गेलं नाही. वडील लवकर गेले. त्यात त्याला संधिवाताचा ताप झाला. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात तो हाच.

हा ताप सांध्यांवरून जातो पण हृदयात बसतो असं म्हणतात. पेनिसिलिन सर्रास मिळायला लागलं १९४० च्या दशकात, त्यामुळे जॉनच्या लहानपणी यावर धड औषध नव्हतं. हा आजार हृदयाच्या झडपा खराब करून जायचा आणि माणूस आयुष्यभर ते दुखणं घेऊन फिरायचा. जॉनचं हृदय पण असंच कायमचं कमजोर राहिलं.

पुढे तो कॅलिफोर्नियात आला आणि लॉस एंजलिसमध्ये फोटोग्राफर झाला. तेव्हाची फोटोग्राफी म्हणजे आजच्यासारखं मोबाइल काढला आणि पन्नास फोटो मारले असा प्रकार नव्हता. उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडतेय, जवळचं किती स्पष्ट आणि लांबचं किती धूसर दिसतंय, हे सगळं डोळ्याने ओळखावं लागायचं.

त्याच्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथे आहे. रेल्वेचं मॉडेल बनवणारे बरेच जण इंजिनिअरच्या डोक्याने विचार करायचे. जॉन फोटोग्राफरच्या डोळ्याने बघायचा.

त्याने पैसे शहाणपणाने गुंतवले होते. लग्न त्याने कधी केलं नाही आणि खर्च बेताचे होते. त्यामुळे तिशीतच त्याला धंद्यातून बाहेर पडता आलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याने समुद्रकाठच्या मॉन्टेरी गावात बस्तान हलवलं आणि तिथे आपली स्वतःची रेल्वे कंपनी सुरू केली.

कंपनीची लांबी होती साडेसहा फूट. रुंदी साडेतीन फूट.

रक्तबंबाळ आणि पराभूत रेल्वे कंपनी

अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांची नावं तेव्हा दोन गावांना जोडून असायची. अमुक अँड तमुक रेलरोड. जॉनने पण आपल्या कंपनीला तसंच भारदस्त नाव दिलं. लिहायला एकदम खानदानी वाटेल असं. पण मोठ्याने वाचलं की त्याचा उच्चार व्हायचा, गोरी अँड डिफीटेड.

आता आपल्याकडे गोरी म्हटलं की डोळ्यासमोर वेगळंच काहीतरी येतं. पण इंग्रजीत त्याचा अर्थ रक्तबंबाळ, आणि डिफीटेड म्हणजे हरलेला. थोडक्यात काय, रक्तबंबाळ आणि पराभूत रेल्वे कंपनी.

पठ्ठ्या एवढ्यावर थांबला नाही. डोंगररांगेला त्याने नाव दिलं अकिनबॅक. मोठ्याने म्हणून बघा, पाठ दुखतेय असं ऐकू येईल. डोंगर उभारताना ज्याची पाठ गेली त्यालाच हे नाव सुचू शकतं. नॅरोगेज लाइनच्या नावात सैतानाची घळ होती आणि पुढे जे नाव होतं ते उच्चारलं की इंग्रजीत पार जगाच्या टोकाला असा अर्थ निघायचा.

म्हणजे आपण जे बनवतोय ते खोटं आहे, हे त्याने पाटीवरच लिहून ठेवलं होतं.

आणि मग त्या खोट्या पाटीखाली त्याने जे बनवलं ते बघून लोकांची बोटं तोंडात गेली.

पण आधी थोडं गणित समजून घ्या

जॉनचं मॉडेल एचओ मापाचं होतं. एचओ म्हणजे १:८७. खऱ्या जगातली कुठलीही गोष्ट घ्यायची आणि तिला ८७ ने भागायचं. पाच फूट आठ इंचाचा माणूस या मापात येतो २ सेंटिमीटरचा. २० मीटरचं इंजिन येतं २३ सेंटिमीटरचं. इथपर्यंत सगळं सोपं आहे.

भानगड पुढे सुरू होते.

खऱ्या रेल्वेला वळायला जागा लागते. समजा रूळ ३०० मीटर त्रिज्येने वळतोय, जे रेल्वेच्या भाषेत बऱ्यापैकी तीव्र वळण झालं. त्याला ८७ ने भागलं तर साडेतीन मीटरच्या जवळपास येतं. म्हणजे खोलीच्या टोकाला जाऊन गाडी नुसती उलटी फिरवायची म्हटली तरी २३ फूट रुंदीची खोली पाहिजे. फक्त वळायला. स्टेशन, गाव, डोंगर वेगळे.

डोंगराचं बघा. तीन हजार फुटांचा डोंगर ८७ ने भागला तर ३४ फूट येतो. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या वर. तळघरात कसा बसणार?

अंतराची तर गोष्टच सोडा. मुंबई ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. मापात बसवायला गेलात तर २२०० मीटर रूळ टाकावे लागतील. सव्वादोन किलोमीटर.

आणि अगदी रिव्हेट मोजणाऱ्यांनाही डोकं खाजवायला लावणारी गोष्ट म्हणजे खुद्द रूळ. त्या काळी या मापात सर्रास वापरला जाणारा रूळ अडीच मिलिमीटर उंच असायचा. त्याला ८७ ने गुणलं की होतात २२ सेंटिमीटर. अमेरिकेतला जडातला जड रूळ पण एवढा उंच नव्हता.

थोडक्यात काय, तर इंजिनावरचे रिव्हेट कितीही अचूक मोजा, ते इंजिन ज्या रुळावर उभं असतं तो रूळ, ज्या वळणावर वळतं ते वळण आणि ज्या डोंगरात शिरतं तो डोंगर, हे सगळं खोटंच असतं. पूर्ण अचूक रेल्वे घरात मावत नाही. मावणारच नाही.

त्यामुळे प्रत्येकाला एक प्रश्न सोडवावा लागतो. खोटं तर बोलायचंच आहे, पण कुठे बोलायचं आणि कुठे अजिबात बोलायचं नाही?

जॉन ॲलनचं अख्खं आयुष्य या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेलं.

त्याने कुठे खोटं बोलायचं ते ठरवलं

पहिली गोष्ट त्याने ही केली की कुठल्याही खऱ्या रेल्वेची नक्कल करायची नाही. त्याची कंपनी काल्पनिक, तिची गावं काल्पनिक, तिचा इतिहास पण काल्पनिक. त्यामुळे अमुक स्टेशनला खिडक्या सहा होत्या, तुम्ही पाचच का दाखवल्या, असं विचारायची सोयच राहिली नाही.

दुसरी गोष्ट, जागा मोठी दिसावी म्हणून त्याने नजरेला सरळ सरळ फसवलं. मागच्या बाजूची घरं आणि झाडं मुद्दाम लहान मापाची केली, म्हणजे ती लांब वाटतात. योग्य जागी आरसे बसवले. रस्ता आरशात पुढे जात राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं की गाव तिकडे अजून बरंच पसरलंय. फोटोग्राफी आणि सिनेमाच्या सेटवर चालणारी ही युक्ती त्याने तळघरात आणली.

तिसरी गोष्ट सगळ्यात धाडसी होती. तोपर्यंत बहुतेक लोकांची रेल्वे टेबलावर असायची. टेबलाची कड आली की जग संपलं. जॉनने १९५० च्या दशकात मॉन्टेरीत नवीन घर घेतलं आणि त्याच्या तळघरात तिसऱ्यांदा गोरी अँड डिफीटेड उभी केली तेव्हा त्याने दऱ्या थेट जमिनीपर्यंत नेल्या आणि डोंगर छताच्या दिशेने चढवले. बघणारा टेबलासमोर उभा राहत नव्हता, तो दरीतच उभा असायचा. मान वर केली की डोक्यावरच्या पुलावरून गाडी चाललेली.

विशेष म्हणजे साडेसहा फुटांची ती पहिली रेल्वे त्याने मोडून टाकली नाही. नवीन मोठ्या रेल्वेच्या पोटात ती तशीच बसवून घेतली.

आणि कुठे खोटं बोलायचं नाही ते पण ठरवलं

त्या काळातली मॉडेलं चकचकीत असायची. दुकानातून आणलेलं इंजिन काळं कुळकुळीत, डबे नवे कोरे, घरांना ताजा रंग. प्रत्येक जण आपलं मॉडेल पुसून स्वच्छ ठेवायचा. मेहनतीने बनवलेल्या वस्तूवर मुद्दाम घाण कोण लावेल?

जॉनने लावली.

कारण फोटोग्राफरच्या डोळ्याला हे पटकन दिसतं की वाफेच्या इंजिनाचं जग स्वच्छ नसतं. कोळशाची काजळी छपरांवर बसते. पाण्याच्या टाकीखाली लाकूड कुजतं. पत्रा गंजतो आणि गंजाचा ओघळ वरून खाली येतो, कधीच आडवा जात नाही. जिथे माणसं रोज चालतात तिथलं गवत मेलेलं असतं. मालगाडीच्या वाघिणींवर प्रवासाची धूळ असते आणि एकाच गाडीतल्या दोन वाघिणी पण सारख्या मळलेल्या नसतात.

आज या प्रकाराला वेदरिंग म्हणतात. त्यासाठी वेगळे रंग मिळतात, वेगळे ब्रश मिळतात, यूट्यूबवर हजारो व्हिडिओ आहेत. हे लोकप्रिय करणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये जॉन ॲलनचं नाव घेतलं जातं.

म्हणजे बघा, अचूकता त्याने सोडली नव्हतीच. फक्त ती मोजायची पट्टी बदलली. इंजिनावर रिव्हेट किती, यापेक्षा हे इंजिन किती वर्षं राबलंय हे दिसतंय का, याकडे त्याचं लक्ष होतं.

यातला अजून एक भाग म्हणजे वेळ. जॉन हे करत होता तेव्हा खऱ्या जगात वाफेची इंजिनं भंगारात निघत होती. १९५० च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी धडाधड डिझेल आणलं आणि १९६० येईपर्यंत मोठ्या लाइनींवरून वाफ जवळपास संपली. जॉनच्या तळघरात मात्र वाफेचाच जमाना चालू राहिला.

मग आला डायनासोर

इंजिनांच्या यादीत एक नाव होतं एमा. नंबर १३. काम, यार्डात शंटिंग करणे.

एमा इंजिन नव्हतंच. ती स्टेगोसॉरस होती.

जॉनने ती रुळांवर उभी केली, तिच्या मागे डबे जोडले आणि तिचे फोटो पण काढले. बैल गाडीला जुंपावा तसा तो डायनासोर मालडब्यांना जुंपलेला. आणि आजूबाजूला सगळं जसंच्या तसं. गंजलेले पत्रे, काजळी, कोळशाचे ढीग, आपापल्या कामात असलेली दोन सेंटिमीटरची माणसं. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाहीये असा थाट.

आता गंमत अशी आहे की हाच डायनासोर दुकानातल्या चकचकीत खेळण्याच्या रेल्वेवर ठेवला असता तर कुणी ढुंकून पण बघितलं नसतं. पोरांच्या खेळण्यात असं चालतंच. जॉनच्या रेल्वेवर तो ठेवला की माणूस थबकतो, कारण बाकी सगळं खरं आहे. विनोद चालतो तो आजूबाजूच्या प्रामाणिकपणाच्या जिवावर.

उलट पण तेवढंच खरं. एमा तिथे असल्यामुळे बघणाऱ्याला कळायचं की हा माणूस परीक्षक म्हणून उभा नाहीये. इथे हसलं तरी चालतं.

फोटोंनी त्याला देशभर पोचवलं

तळघरातली रेल्वे बघायला किती लोक येणार? पण जॉन मुळात फोटोग्राफर. भिंगाचं छिद्र अगदी बारीक ठेवायचं आणि एक्स्पोजर भरपूर वेळ द्यायचं, की समोरच्या डब्यापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. असं केलं नाही तर पुढचा डबा स्पष्ट, मागचं धूसर आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की ही वीतभर वस्तू आहे. मोठ्या वस्तूचा फोटो तसा येत नाही.

त्याचे फोटो आणि लेख मॉडेल रेलरोडरसारख्या मासिकांमधून यायला लागले. व्हार्नी नावाची कंपनी मॉडेल इंजिनं बनवायची, तिने आपल्या जाहिरातींसाठी जॉनचे फोटो वापरले. १९५० च्या दशकात ज्या पोरांनी आणि बापांनी ही मासिकं चाळली, त्यांच्या डोक्यात गोरी अँड डिफीटेडचे डोंगर कायमचे बसले.

एखाद्या गावातल्या माणसाला बाकी अमेरिकेतल्या खऱ्या रेल्वे कंपन्या माहिती नसतील, पण ही खोटी कंपनी माहिती असायची.

नुसती बघायची रेल्वे नव्हती ती

हा मुद्दा बऱ्याचदा राहून जातो. जॉनच्या रेल्वेवर काम करावं लागायचं.

ठरलेल्या दिवशी मित्र तळघरात जमायचे. प्रत्येकाला काम वाटून दिलेलं असायचं. गाड्या वेळापत्रकाने सुटायच्या. मालडबे ज्या कारखान्याला पाहिजेत त्याच सायडिंगला लावायचे. समोरून पॅसेंजर येतेय तर मालगाडी बाजूला घ्यायची. सांधे चुकीचे लावले की खोळंबा ठरलेला.

आता मघाशी अंतराचं गणित बघितलं ना, त्याचा इथे परत त्रास होतो. दोन गावांमधलं अंतर काही मीटरच असेल तर गाडी मिनिटभरात पोचते. वेळापत्रकाला अर्थच राहत नाही. यावर या छंदातल्या लोकांनी काढलेला तोडगा भन्नाट आहे. अंतर मोठं करता येत नाही ना, मग घड्याळ पळवा. वेगात धावणारं घड्याळ भिंतीवर लावायचं, की एका संध्याकाळी रेल्वेचा अख्खा दिवस निघतो. जॉनच्या तळघरात पण असंच पळतं घड्याळ होतं.

म्हणजे खऱ्या रेल्वेतलं काम, शिस्त आणि धांदल अनुभवायची तर घड्याळ खोटं ठेवावं लागतं. अचूकता आणि मजा एकमेकांच्या विरोधात आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी या घड्याळाचा जरा विचार करावा.

शंटिंगचं कोडं हा पण जॉनचाच प्रकार. त्याचं नाव टाइम सेव्हर. एका फळीवर मावेल एवढा रूळ, पाच सांधे, एक इंजिन आणि पाच डबे. प्रत्येक डबा त्याच्या ठरलेल्या जागी कमीत कमी वेळात लावून दाखवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण सायडिंग मुद्दाम इतक्या आखूड असतात की एक डबा जागेवर लावायला आधी दुसरे दोन काढावे लागतात. हे कोडं १९७२ च्या शेवटी मासिकात छापून आलं आणि आजही जगभरातल्या प्रदर्शनांमध्ये लोक त्याच्यासमोर घाम गाळत उभे असतात. डोंगर नाही, पूल नाही, काजळी नाही. तरी मजा आहे.

आणि मग १९७३ चा जानेवारी उजाडला

लहानपणी कमजोर झालेल्या हृदयाने जॉनची साठीच्या उंबरठ्यापर्यंत साथ दिली. ६ जानेवारी १९७३ ला हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय होतं ५९.

तळघरातली रेल्वे वीसेक वर्षं चालू असलेलं काम होतं आणि तेव्हाही पूर्ण झालेली नव्हती.

पुढे त्या रेल्वेचं काय करायचं हा प्रश्न मित्रांपुढे होता. कारण घरातल्या खांबांना, भिंतींना चिकटून उभे केलेले डोंगर उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

पण तो प्रश्न सुटायची वेळच आली नाही. जॉन जाऊन दहा दिवस होत होते तेव्हा त्या घराला आग लागली. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीपासून ती लागली असं सांगतात. लाकूड, प्लास्टर, कागद, सुकलेल्या वनस्पतींची झाडं. या सगळ्याला पेटायला कितीसा वेळ लागणार?

गोरी अँड डिफीटेड बहुतेक सगळी जळून गेली. मोजक्याच गोष्टी हाती लागल्या.

ज्या माणसाने आयुष्यभर मॉडेलवर काजळी रंगवली, त्याची रेल्वे शेवटी खऱ्या काजळीखाली गेली. नावात पराभूत होतं, पण ते असं खरं होईल असं कुणाला वाटलं असेल?

राहिले ते फोटो

मॉडेल रेलरोडर मासिकाचे संपादक राहिलेल्या लिन वेस्टकॉट यांनी जॉनचे फोटो आणि आठवणी गोळा करून पुस्तक लिहिलं. ते १९८१ मध्ये बाहेर आलं तेव्हा वेस्टकॉट स्वतः पण हयात नव्हते. गंमत बघा, ज्या रेल्वेचा डोंगर उरला नाही त्या रेल्वेवरचं पुस्तक या छंदातलं सगळ्यात जास्त चाळलं गेलेल्या पुस्तकांपैकी एक ठरलं.

आता जॉनचे टीकाकार नाहीत असं नाही. त्यांचं म्हणणं असं की त्याचे डोंगर फारच उंच होते, दऱ्या फारच खोल होत्या आणि एवढे पूल बांधायचे म्हटले तर कुठलीही खरी रेल्वे कंपनी पहिल्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली असती. यात तथ्य आहे. त्याची नक्कल करताना पुढे अनेकांनी गंज इतका वाढवला की गावातलं एकही घर धड उभं राहिना, हे पण खरं.

आणि रिव्हेट मोजणाऱ्यांची पण बाजू आहे भिडू. कित्येक इंजिनं आज जगात कुठेच उरलेली नाहीत. ती कशी दिसायची, त्यांच्यावर काय लिहिलेलं असायचं, हे कुणीतरी जुने आराखडे आणि फोटो शोधून, एकेक माप तपासून मॉडेलमध्ये जपलंय म्हणून कळतं. त्यांनी पण मजा म्हणूनच सगळे आयते डबे उडवले असते तर ती माहिती गेलीच असती. शिवाय १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने चाकं आणि रुळांची मापं ठरवायला सुरवात केली, म्हणून एका कंपनीचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर न घसरता धावतं. काटेकोरपणा नसता तर मजा पण आली नसती.

जॉनने या भांडणात कुणाची बाजू घेतली असं म्हणता येत नाही. त्याने दाखवून दिलं ते एवढंच की ही वाटणी प्रत्येकाने आपली आपण करायची असते. आपल्याला कुठली गोष्ट खरी पाहिजे ते आधी ठरवायचं, तिथे तडजोड करायची नाही, आणि बाकीच्या ठिकाणी बिनधास्त सूट घ्यायची. त्याला उजेड, झीज आणि काम खरं पाहिजे होतं. म्हणून नाव, नकाशा आणि घड्याळ यांना त्याने मोकळं सोडलं. आणि एमाला पण.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. रस्ते, दिवे, स्टेशन, धावणाऱ्या गाड्या असं अख्खं छोटं शहर तिथे एका हॉलमध्ये उभं आहे. कधी गेलात तर एक करून बघा. काचेपलीकडे गाड्या सुरू झाल्या की रुळांकडे न बघता आजूबाजूच्या माणसांकडे बघा. काही जण गाडीच्या चाकांकडे टक लावून बघत असतील. काही जण पोराला खांद्यावर घेऊन बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडे बोट दाखवत असतील, गाडी आता इकडून बाहेर येणार म्हणून.

दोघं पण आपापल्या जागी बरोबर असतात.